भिंतीतली वीट जॅकने ढकलून बघायची म्हणे! कुणाला अनुभव आहे का?

खजिनदार_नाइलाजाने

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलवाला नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वार्षिक सभेला उशिरा पोचलो आणि शिक्षा म्हणून सोसायटीचा खजिनदार झालो.

आमची इमारत पुण्यातली, १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर दोनेक वर्षांत उभी राहिलेली. तळमजला अधिक दोन. कॉलम-बीम काही नाही, सगळा भार विटांच्या भिंतींवर. बाहेरच्या भिंती चौदा इंची, आतल्या नऊ इंची. विटा जोडणारा माल चुन्याचा, त्यात थोडं सिमेंट असावं असं जुने सभासद सांगतात. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं, त्यामुळे किती ते देव जाणे.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांना हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं आहे, म्हणजे मधली नऊ इंची भिंत पाडायची आहे. समिती म्हणाली, आधी स्ट्रक्चरल ऑडिट. एक गृहस्थ आले, रिबाउंड हॅमरने (ठोका किती उसळून परत येतो त्यावरून ताकदीचा अंदाज देणारं हत्यार) गिलाव्यावर दहा-बारा ठोके मारले आणि ‘इमारत सुस्थितीत’ असा दोन पानी अहवाल देऊन गेले. त्यावर सभेत भांडणं झाली, म्हणून दुसऱ्या इंजिनिअरबाईंना बोलावलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं स्पष्ट. त्या म्हणाल्या, तो अहवाल फाईलला लावा, इमारतीला लावू नका. त्यांना आठ ठिकाणी गिलावा काढून, एक वीट बाहेर काढून, त्या जागी छोटा हायड्रॉलिक जॅक बसवायचा आहे आणि शेजारची वीट आडवी ढकलायची आहे. भिंत आडव्या जोराला किती दाद देते, ते म्हणे त्यावरून कळतं.

आता माझी अडचण. भिंत मजबूत आहे की नाही हे बघायला भिंतच फोडायची, हे सभेत कुठल्या तोंडाने सांगू? ही खरी पद्धत आहे की नवीन फॅड? आणि साठ वर्षं उभी असलेली इमारत आणखी काय सिद्ध करणार?

टवाळखोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

ओळंबा

काका, गिलाव्यावर रिबाउंड हॅमर म्हणजे डॉक्टरांनी शर्टावरून इंजेक्शन दिल्यासारखं आहे. ते हत्यार काँक्रीटसाठी. गिलाव्यावर मारलं तर गिलावा कळतो, आणि तोही पोकळ असेल तर तेवढाही नाही. बाईंचं बरोबर आहे.

वाड्यातला_मी

मला नाही पटत. आमच्याकडे गवंडी वीट हातात घेऊन दुसऱ्या विटेवर आपटायचे, खणखणीत वाजली की पास. दोन विटा काढून लॅबमध्ये दाबून बघा ना. भिंत कशाला पोखरायची?

सिव्हिल_९४

@वाड्यातला_मी, तिथेच सगळ्यांची गल्लत होते. वीट लॅबमध्ये दाबली की वीट कळते, भिंत कळत नाही. आपल्याकडची साधी वीट चौरस सेंटीमीटरला पस्तीस-चाळीस किलो दाब घेते. पण भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा भिंत दाबाने क्वचितच जाते. ती थरांमधून सरकते, नाहीतर खिडक्यांमधल्या खांबवजा भागात तिरकी तडकते. भेग पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, कारण ती सांध्यातून वाट काढते. हलणं दोन्ही बाजूंना असतं म्हणून भेगाही दोन, एकमेकींना छेदणाऱ्या, फुलीसारख्या. भूकंपाचे फोटो आठवून बघा.

म्हणजे आडव्या जोराला अडवतं कोण? दोघं जण. एक, माल विटेला किती चिकटलाय. दोन, वरच्या वजनाने थर एकमेकांवर किती दाबले गेलेत, म्हणजे घर्षण. पुस्तकांचा ढीग टेबलावर ठेवा आणि मधलं पुस्तक ओढा. ढिगावर हात दाबून धरलात तर ते हलत नाही. पानं तीच, पुस्तक तेच, फरक फक्त वरच्या दाबाचा. युरोपातला कोड (बांधकामाची नियमावली) हे सरळ लिहितो: चिकटपणाचा आकडा अधिक वरच्या दाबाच्या ०.४ पट.

आपल्या आयएस १९०५ मध्येही, म्हणजे विटांच्या भिंतींच्या भारतीय मानकातही, हेच आहे, फक्त आकडे सुरक्षिततेचा भाग आधीच वजा करून दिलेत. चांगल्या मालाच्या भिंतीला ०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, अधिक वरच्या दाबाचा सहावा भाग, आणि कितीही झालं तरी ०.५ च्या वर नाही. ०.१ म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटीमीटरला एक किलो. विटेची दाबाची ताकद पस्तीस-चाळीस आणि इथे एक! म्हणून वीट वाजवून भिंत कळत नाही.

वाड्यातला_मी

बरं, पुस्तकांचं पटलं. पण जॅक कशाला हे अजून सांगितलं नाहीत.

सिव्हिल_९४

सांगतो. चाचणीची वीट निवडायची. तिच्या एका बाजूची वीट अलगद काढायची, तिथे जॅक बसतो. दुसऱ्या बाजूच्या उभ्या सांध्यातला माल खरवडून टाकायचा, म्हणजे वीट सरकायला जागा होते. आता विटेला धरून ठेवतात फक्त वरचा आणि खालचा सांधा. जॅकने हळूहळू दाब वाढवायचा. वीट पहिल्यांदा हलली की तो दाब टिपायचा आणि दोन्ही सांध्यांच्या क्षेत्रफळाने भागायचं. झालं. नंतर काढलेली वीट मालात परत बसवायची. सोसायटी पडत नाही.

हे फॅड नाही. कॅलिफोर्नियात १९३३ च्या लाँग बीच भूकंपात विटांच्या शाळा कोसळल्या. पुढे १९८१ मध्ये लॉस एंजेलिसने जुन्या विटांच्या इमारती मजबूत करायला लावणारा नियम केला. हजारो इमारती, कशाचेही नकाशे नाहीत, मालाचं प्रमाण माहीत नाही, तुमच्यासारखीच स्थिती. त्या कामांत ही पद्धत रुळली. आठ जागाही बाईंनी हवेतून काढलेल्या नाहीत, तिथल्या नियमांत इमारतीमागे किमान आठच आहेत.

साडेचार_इंची

एक पुरवणी. जॅकचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. ती वीट मागच्या विटेलाही मालाने चिकटलेली असते, तो चिकटपणाही जॅकला अडवतो. म्हणून अमेरिकी पद्धतीत आलेला आकडा पाऊणपट करतात. शिवाय चाचणी फक्त भिंतीच्या बाहेरच्या पदराची होते. चौदा इंची भिंतीच्या पोटात काय आहे, अख्ख्या विटा की रोड्यांची (तुटक्या विटांच्या तुकड्यांची) भरती, ते जॅकला कळत नाही. इंजिनिअरबाईंना एखाद-दोन ठिकाणी आरपार बघायला सांगा.

अभ्यासू_आत्या

लॅबमध्येच करायचं असेल तर त्यालाही सोय आहे. तीन विटा एकावर एक मालाने जोडायच्या, दोन बाजूंनी दाबून धरायच्या आणि मधली ढकलायची. वेगवेगळ्या दाबाला करून आलेखावर बिंदू मांडले की रेघ येते. रेघ जिथून सुरू होते तो चिकटपणा, रेघेचा चढ म्हणजे घर्षण. दुसरी पद्धत, सव्वा मीटरच्या आसपासची चौकोनी भिंतच बांधायची आणि कोपऱ्यावर उभी करून दाबायची, मग ती तिरकी फुटते. कॉलेजात आम्ही केली होती. फुटताना असा आवाज आला की कँटीनचा पोऱ्या चहा सोडून पळाला.

पण दोन्हीत मेख अशी की विटा आणि माल नव्याने जोडावे लागतात. साठ वर्षांचा चुना लॅबमध्ये कसा बनवणार? जुन्या भिंतीतून तुकडा कापून न्यायचा म्हटलं तर कापतानाच सांधे सुटतात. म्हणून जागेवरच तपासणं बरं.

कोथरूडकर_जुना

एवढ्या चर्चेत मुद्दा राहिला. खजिनदारसाहेबांची इमारत १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातून गेलेली आहे. ११ डिसेंबरची पहाट मला स्वच्छ आठवते, फळीवरची पितळी भांडी खाली आली होती आणि आई आम्हाला घेऊन अंगणात. त्यात इमारतीला काही झालं नाही. याहून मोठी परीक्षा कुठली? सगळं इंजिनिअरांचं पोट भरायला.

ओळंबा

काका, आदराने असहमत. कोयनानगर पुण्याहून लांब. तिथे घरं पडली, इथे भांडी पडली. घटक चाचणीत पास झाला म्हणून बोर्डात नंबर येतो असं नाही. आणि १९६७ ला ती भिंत चार-पाच वर्षांची होती. मधल्या सत्तावन्न-अठ्ठावन्न पावसाळ्यांत गच्चीतून किती पाणी मुरलं ते कोण सांगणार?

कोथरूडकर_जुना

इमारती पूर्वी गळत नव्हत्या.

टवाळखोर

पूर्वी पाऊसही विचारून पडायचा.

मी_लातूरकर

हा धागा वाचताना हात थांबला. १९९३ ला मी सातवीत होतो, औसा तालुक्यात. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून सगळे दमून झोपलेले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास ते झालं. किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशात झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात.

आमच्याकडच्या भिंती विटांच्या नव्हत्या. दगडाच्या, दोन-अडीच फूट जाड, मातीत रचलेल्या. वर माळवद, दरवर्षी पावसाआधी आणखी माती टाकून टाकून जड झालेलं. जाड भिंत म्हणजे मजबूत, असं आजोबा म्हणायचे. ती जाडी फसवी निघाली. बाहेरचा दगडी पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपा आणि माती, दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. घर हललं तेव्हा भिंत सरकली नाही की तिरकी तडकली नाही. तिचं पोट फुटलं. बाहेरचा पदर गल्लीत, आतला झोपलेल्या माणसांवर, वरून माळवद. आमचे लाकडी खण (खांब-तुळयांचे सांगाडे) उभे राहिले म्हणून मी आज लिहितोय. शेजारच्या घराला खांब नव्हते.

नंतर दुरुस्तीच्या कार्यक्रमात उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींत भोकं पाडून सळई घालून काँक्रीटचे आरपार सांधे भरले आणि वर पट्टे टाकले. तेव्हा गावातले लोक हेच म्हणायचे, चांगली भिंत कशाला फोडता? म्हणून साहेब, भोक पाडण्याला भिऊ नका. पण जॅकच्या आकड्यावर सगळं सोडू नका. कोपरे एकमेकांत गुंफलेत का, स्लॅब भिंतीवर नीट बसलाय का, तेही बघायला लावा.

अभ्यासू_आत्या

@मी_लातूरकर, नि:शब्द. लिहिल्याबद्दल धन्यवाद.

क्राइस्टचर्चची_चिमणी

लातूरकरांशी पूर्ण सहमत. मी २००९ पासून इथे न्यूझीलंडमध्ये आहे. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली. शहराच्या मध्यभागी विटांच्या जुन्या इमारतींचे कठडे आणि दर्शनी भिंती रस्त्यावर, फुटपाथवर, बसवर कोसळल्या. त्या भिंती स्वतःच्या लांबीच्या दिशेने ढकलल्या जाऊन मोडल्या नव्हत्या. वर कशालाच बांधलेल्या नव्हत्या म्हणून बाहेर कलंडल्या. जॅकची चाचणी लांबीच्या दिशेची ताकद सांगते. कलंडण्याचा प्रश्न वेगळा, त्याला जॅकचा आकडा उपयोगाचा नाही, बांधून ठेवणं लागतं. खजिनदारकाका, गच्चीचा कठडा विटांचा आहे का?

आणि फुकटातली एक चाचणी सांगते. इथले इंजिनिअर सांध्यातला माल आधी हाताने बघतात. बोटाने दाबून उकरला जातो का, नखाने ओरखडा उठतो का, की टोकदार हत्यारच लागतं. मालाची ढोबळ प्रतवारी त्यावरून होते. फक्त वरवरचं दर्जाकाम (सांध्यांच्या तोंडाशी भरलेला माल) खरवडू नका. दर्जा नंतर कधीतरी सिमेंटने भरलेल्या असतात आणि आतला माल पिठासारखा असतो. एक-दोन इंच आत जाऊन बघा.

खजिनदार_नाइलाजाने

सगळ्यांचे आभार. चिमणीताई, तुमचं वाचून लगेच गच्चीवर गेलो. कठडा विटांचाच आहे. पश्चिमेकडे जिना-टाकीजवळ गिलावा पडलाय, तिथे नखाने खरवडलं. नख सोडा, नुसत्या बोटाने माल रवाळ साखरेसारखा गळला. मग तळमजल्यावर मीटरच्या खोलीत खरवडून पाहिलं, तिथे किल्लीचा ओरखडासुद्धा उठेना. एकाच इमारतीत हे कसं? सभेत चाचणी मंजूर करून घेतो. विरोधकांना लातूरकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल ना?

मी_लातूरकर

जरूर.

गवंड्याचा_नातू

एकाच इमारतीत हे असंच असतं साहेब. माझे आजोबा गवंडी होते, त्यांचा एकच धोशा, विटा भिजवल्याशिवाय हात लावायचा नाही. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, माल तिथल्या तिथे सुकतो आणि विटेला धरतच नाही. आता खालच्या मजल्याला पाणी हाताशी. वरच्या मजल्यावर पाणी घमेल्याने चढवायचं, मे महिन्यात काम, मुकादम ओरडतोय. वरच्या विटा किती भिजल्या असतील तुम्हीच सांगा. त्यावर साठ वर्षांची गळती.

हापूसप्रेमी

अवांतर: देवगडला यंदा मोहोर उशिरा आलाय, पेट्या कधी येतील?

टवाळखोर

जॅक लावून बघा.

खजिनदार_नाइलाजाने

धागा वर काढतोय. दीड महिना झाला, चाचणी पार पडली. आकडे देतो, जाणकारांनी तपासावेत.

वीट २३ सेंटीमीटर लांब, ११ रुंद. वरचा-खालचा सांधा मिळून ५०६ चौरस सेंटीमीटर. तळमजल्यावर चार जागा, वीट हलायला दोन हजार ते दोन हजार चारशे किलो लागले. म्हणजे चौरस सेंटीमीटरला चार ते पावणेपाच किलो. मी खूश झालो. बाई म्हणाल्या, थांबा, यातलं निम्म्याहून जास्त वरच्या दोन मजल्यांचं वजन बोलतंय. तो दाब त्यांनी गृहीत धरला नाही, मोजला. सांध्यात चपटी फट कापली, फट किंचित मिटली, मग तिच्यात पातळ चपटा जॅक सरकवून मिटलेली फट मूळ मापाला येईपर्यंत दाब दिला. तो आला २.४ किलो. अमेरिकी पद्धतीत म्हणे तो पूर्णच वजा करतात, तसा करून मालाचा स्वतःचा चिकटपणा उरला १.६ ते २.३.

दुसऱ्या मजल्यावर वरून दाब जेमतेम ०.७. पूर्वेच्या भिंतीत दोन जागा, वजाबाकी करून १.४ आणि १.६ उरले. आणि पश्चिमेला, टाकीखालच्या भिंतीत, एक वीट पाचशे किलोला सरकली. म्हणजे एकूणच ०.९९, वजन वजा करता ०.३. आठव्या जागी जॅकचा दांडा दोनदा हलवला आणि वीट गेली, आकडा टिपताच आला नाही. बघायला आलेले सगळे गप्प झाले.

पाऊणपटीचं गणित अहवालात पुढे आहेच, हे कच्चे आकडे.

सिव्हिल_९४

काका, ते ०.९९ फार बोलकं आहे. त्या उंचीवर आयएस १९०५ चा हिशेब मांडा: एक किलो अधिक ०.७ चा सहावा भाग, म्हणजे साधारण १.१. कोड जेवढा जोर निर्धास्त वापरायला देतो, तेवढ्यापर्यंत पोचायच्या आधीच तुमची वीट सरकली. तळमजल्याला याच हिशेबाने १.४ येतात आणि तिथे भिंतीने चार घेतले. सरासरी काढू नका हं, कृपा करून. बँकेच्या सवयीने आठांची बेरीज करून आठाने भागाल.

खजिनदार_नाइलाजाने

भागलं होतं. बाईंनी खोडलं. पश्चिमेची वरची भिंत वेगळी धरायची, बाकी इमारत वेगळी, असं त्यांचं म्हणणं.

साडेचार_इंची

योग्य. मग उपाय काय ठरला? आणि मुख्य म्हणजे ती हॉल-स्वयंपाकघराची भिंत?

खजिनदार_नाइलाजाने

आधी टाकीची गळती बंद. मग पश्चिमेच्या भिंतीच्या दर्जा खोलवर उकरून पुन्हा भरायच्या आणि आत ग्राउट (पोकळीत सोडायचा पातळ माल). तेही कडक सिमेंटने नाही, चुन्याच्या मालाने, कारण कडक सिमेंट मऊ विटेला आणि जुन्या चुन्याला जुळत नाही, पाणी आत कोंडतं आणि विटेचेच पापुद्रे सुटतात. कठडा उतरवून हलका करायचा आणि गच्चीच्या स्लॅबला भिंती बांधून घ्यायच्या.

आणि ती मधली भिंत. आमची इमारत लांबट, रस्त्याकडे खिडक्याच खिडक्या. लांबीच्या दिशेने जोर घेणाऱ्या सलग भिंती प्रत्येक मजल्यावर फक्त तीन, त्यातली एक ही. शिवाय दुसऱ्या मजल्यावर, जिथे वरून दाब जेमतेम असल्याने घर्षणाची मदतही कमीच. बाईंनी लेखी नकार दिला. सभासद म्हणाले, मग निदान कमानीसारखं दार तरी? त्यालाही नाही. आता ते माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत.

कोथरूडकर_जुना

पोट भरलं ना इंजिनिअरांचं?

(तरी पश्चिमेच्या भिंतीचं काम लवकर करून घ्या. पावसाळा जवळ आलाय.)

ओळंबा

काकांनी कंसात का होईना, मान्य केलं! सोसायटीच्या पेढ्यांत त्यांचा वाटा ठेवा.

खजिनदार_नाइलाजाने

पेढे नंतर. आधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी हवाय. तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले ‘चुना कशाला साहेब, सहा-एकचा सिमेंटचा माल टाकतो, दगड होईल’. पुण्यात किंवा आसपास कुणाच्या माहितीत घाणीवर (दगडी चाकाच्या चक्कीवर) चुना मळून घेणारा कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि एक गंमत. जॅकसाठी काढलेल्या विटेच्या खळग्यात भट्टीवाल्याची अक्षरं उमटलेली आहेत. आम्ही सगळे ती वाचायचा प्रयत्न करतोय, पहिलं ‘रा’ आहे एवढं नक्की.

गवंड्याचा_नातू

व्यनि केलाय. आजोबांबरोबर काम केलेले एक जण सासवडकडे आहेत, वय झालंय पण हात चालतो. आणि परत बसवायच्या आधी विटेचा फोटो टाका, खळग्यावर ओला चुना चोळून घ्या म्हणजे अक्षरं उठून दिसतील.